नवं लाकडी फर्निचर जुनं दिसावं म्हणून काय काय करायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात पेठेतला वाडा पाडून अपार्टमेंट झालं की घरात एखादी जुनी वस्तू हमखास शिल्लक राहते, आजोबांचा झोपाळा, पितळी फुल्यांची पेटी नाहीतर स्वयंपाकघरातलं फडताळ. मग फ्लॅटमध्ये त्याच्या शेजारी नवं कोरं चकचकीत कपाट येतं आणि दोघं भांडण झालेल्या भावांसारखे पाठ करून उभे राहतात. आमच्या घरी असंच होतं, म्हणून मी हे काम हळूहळू शिकलो. सगळं घरी, गच्चीवर करता येतं, महागडं मशीन लागत नाही. फक्त क्रम चुकवायचा नाही, कारण एक पायरी मागंपुढं झाली की परत सगळं घासून पहिल्यापासनं करावं लागतं.

१. आधी लाकूड कुठलं आहे ते बघा

प्लाय, एमडीएफ किंवा सनमायका असेल तर झिजवायच्या भानगडीत पडू नका. एमडीएफची कड घासली की आतनं भुसा दिसतो, प्लायचे थर दिसतात, आणि थर दिसले की जुनेपण तिथंच संपलं. अशा वस्तूला फक्त रंगाचं काम करता येतं (ते पायरी ७ मध्ये). सनमायकावर तर रंगसुद्धा नीट धरत नाही.

भरीव लाकूड पाहिजे. सागवान सगळ्यात चांगलं, पण ते तेलकट असतं, ते ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. बाभूळ कडक, पण लोखंडाच्या पाण्यानं (ते पायरी ६ मध्ये) लई सुंदर काळी पडते. आंबा स्वस्त आणि बरा. वखारीत पॅकिंग केसचं पाईन मिळतं, ते मऊ असतं, नखानंसुद्धा खूण उठते, त्यामुळं शिकायला एकदम बेस्ट. रबरवुड एकसारखं गुळगुळीत असतं, तारेच्या ब्रशनं त्याच्यावर काही उठत नाही.

सुताराकडनं नवीन करून घेणार असाल तर आधीच तीन गोष्टी सांगा. सीलर आणि पॉलिश मारू नका, कोरंच द्या. जोडातनं बाहेर आलेलं फेविकॉल ओलं असतानाच फडक्यानं पुसा, कारण वाळलेल्या फेविकॉलवर रंग चढत नाही आणि नंतर तिथं पांढरट डाग राहतो. आणि स्क्रू प्लसचे नकोत, माइनसचे लावा. जुन्या वस्तूत प्लसचा स्क्रू दिसला की जाणकार माणूस लगेच ओळखतो.

पाडलेल्या वाड्याचे वासे, तुळया, दारं विकायला असतात, ते सागवान मिळालं तर अर्धं काम झालेलंच असतं. फक्त आत मोडलेले खिळे असतात, रंध्याचं पातं गेलं म्हणून समजा, तेव्हा आधी मॅग्नेट फिरवून बघा. आणि त्याच्यावर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असायचं, घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याच्या आधीच्या रंगाची खात्री नाही. धूळ पोटात गेली तर लहान मुलांना त्याचा जास्त त्रास होतो. रिमूव्हर लावून ओलाच खरवडा, खरवड कागदात गुंडाळून टाका.

२. हत्यार हातात घ्यायच्या आधी जुन्या वस्तू बघून या

ही पायरी लोक गाळतात आणि तिथंच सगळं बिघडतं. डोक्यात "जुनं म्हणजे ओरखडे" एवढंच असतं, मग साखळी घेऊन सगळीकडं सारखं बडवतात आणि वस्तू जुनी दिसायच्या ऐवजी ट्रकमधनं पडल्यासारखी दिसते.

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जावा, न्यू पॅलेसमध्ये जावा, भवानी मंडपात जुन्या लाकडाची दारं-खांब नीट बघा. पण सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते रोज वापरात असलेल्या वस्तूवर. कुणाच्या आजीचं फडताळ असेल तर ते दहा मिनिटं नुसतं बघा.

काय दिसेल ते सांगतो. फडताळाच्या दाराला जिथं हात लागतो तिथं कडी-कोयंड्याभोवती काळपट तेलकट गोल असतो, आणि दुसऱ्या बाजूला, बिजागरीकडं, लाकूड जवळजवळ नव्यासारखं. खुर्चीच्या हाताचं पुढचं टोक गुळगुळीत आणि चमकणारं. खुर्चीच्या पायातली पुढची आडवी पट्टी मध्येच खोलगट, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथं पाय ठेवलेत, मागची पट्टी मात्र कोरी. टेबलाची माणूस बसतो तिकडची कड गोल झालेली, भिंतीकडची तशीच धारदार. पाय खालनं दोन-तीन बोटं काळे, कारण रोज फरशी पुसताना पाणी लागतं. देव्हाऱ्याच्या वरच्या बाजूला काजळी आणि तेल. नक्षीत खोलगट जागी मळ, उंच जागी फिकट.

म्हणजे हात, पाय, पाणी, धूर आणि फडकं या पाच गोष्टी जिथं पोचतात तिथं झीज, जिथं पोचत नाहीत तिथं मळ नाहीतर नवेपण. आता आपल्या वस्तूसमोर बसा आणि ठरवा की ही कुठं ठेवलेली होती, कोण वापरत होतं, उजव्या हाताचं होतं का, खाली फरशी होती का शेणाची जमीन. मग खडूनं त्या जागा वस्तूवर मार्क करा. पुढचं सगळं काम फक्त त्या खडूच्या आत करायचं. माझ्या मते ही एकच पायरी मन लावून केली तर बाकी हात साधारण असला तरी वस्तू खरी वाटते.

३. सामान

- पॉलिश पेपर: ८०, १२०, १८० आणि ४०० नंबर
- कानस, पटाशी, तारेचा ब्रश, दाभण
- जुन्या किल्ल्यांचा जुडगा किंवा फडक्यात बांधलेले नट-बोल्ट
- पांढरं व्हिनेगर अर्धा लिटर, काचेची बरणी, गाळायला जुनं सुती कापड
- लोखंडाचा कीस (कुठनं आणायचा ते खाली)
- हिरडा पूड, काष्ठौषधीच्या दुकानात मिळते
- चपडा लाख आणि पॉलिशचं स्पिरिट
- मधमाशीचं मेण, टर्पेंटाइन, गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी
- मेणबत्ती, फेविकॉल, इमल्शन पेंट (रंगाचं काम करणार असाल तरच)
- रबरी हातमोजे, मास्क, चष्मा

लक्ष्मीपुरीत फिरलात तर बरंचसं मिळून जातं. आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, त्याच लाकडाचे चार-पाच छाटण सुताराकडनं मागून घ्या. प्रत्येक रंग आधी छाटणावर बघायचा, मग वस्तूवर.

४. जुनं पॉलिश काढा

वस्तू तयार घेतली असेल तर वर लॅकर नाहीतर पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) असतं, ते पूर्ण निघायला पाहिजे. रिमूव्हर, मग ८० नंबर, १२०, १८०, नेहमी रेषांच्या दिशेनंच, आडवं घासलं की ओरखडे रंगात उठून दिसतात. १८० ला थांबा. जास्त गुळगुळीत केलं की लाकूड रंग कमी पितं.

निघालं का नाही हे बघायला पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर अजून पॉलिश आहे, लगेच मुरला तर झालं. सागवानावर थेंब तसाही जरा उशिरा मुरतो, त्याला शेवटी थिनरच्या फडक्यानं एकदा पुसून घ्या म्हणजे वरचं तेल जातं.

५. झीज

कानशीनं आणि ८० च्या पेपरनं खडू केलेल्या कडा गोल करा. सारख्या गोल नकोत, हात जिथं जास्त जातो तिथं जास्त, मग हळूहळू कमी होत मूळ कडेला मिळाली पाहिजे. खुर्चीची पट्टी खोलगट करायची तर पटाशीनं पातळ-पातळ पापुद्रे काढा.

पाईन असेल तर तारेचा ब्रश रेषांच्या दिशेनं जोरात मारा. मऊ भाग निघून जातो, कडक रेषा उभ्या राहतात, आणि हे उन्हापावसातल्या दारासारखं दिसतं, म्हणून बाहेरच्या वस्तूला शोभतं. घरातल्या दिवाणाला असलं करू नका, घरातलं लाकूड असं झिजत नाही.

खड्डे पाडायचे तर किल्ल्यांचा जुडगा वेगवेगळ्या उंचीवरनं सोडा. एकाच हातोडीनं मारले की सगळे खड्डे एका साच्याचे येतात. आणि कमी मारा, वाटतंय त्याच्या निम्मेच. वरच्या फळीवर जास्त, खालच्या बाजूला जवळजवळ नाही.

किड्याची भोकं. लोकांना याचा लई मोह होतो. खरी भोकं एक-दोन मिलिमीटरची असतात, घोळक्यानं असतात, आणि बहुतेक कडेच्या पांढऱ्या, कच्च्या लाकडात असतात. सागवानाच्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही, त्यामुळं चांगल्या सागवानी टेबलाच्या मधोमध भोकं पाडली की जाणकाराला ते खोटं आहे हे कळणारच. पाईन किंवा आंब्याला पाडायची असतील तर दाभणानं, तिरक्या कोनात, एका कोपऱ्यात पाच-सात, बास.

सगळं झालं की १८० नं हलका हात फिरवा, खड्ड्यांच्या धारा मोडल्या पाहिजेत. हे सगळं रंगाच्या आधीच करायचं. रंगानंतर खड्डा पाडला तर आतनं नवं पांढरं लाकूड दिसतं.

६. लाकडाचा रंग: लोखंडाचं पाणी आणि हिरडा

बाजारातला वॉलनट स्टेन मारला की लाकूड तपकिरी होतं पण जुनं दिसत नाही, वरनं रंग दिलाय हे दिसत राहतं. लोखंडाच्या पाण्याचं काम वेगळं आहे. लाकडात टॅनिन (तुरट द्रव्य) असतं, लोखंडाशी त्याची रिअ‍ॅक्शन होते आणि लाकूड स्वतःच करडं-काळं पडतं, म्हणून त्यात रेषा जिवंत राहतात.

लोखंडासाठी आपल्या गावात शोधाशोध करावी लागत नाही. उद्यमनगरात लेथवाल्याकडं ओतीव लोखंडाचा कीस मूठभर मागा, कुणी नाही म्हणणार नाही. त्याला ऑइल आणि कूलंट लागलेलं असतं, ते साबणाच्या पाण्यानं दोन-तीनदा चांगलं धुवा, नाहीतर व्हिनेगर लोखंडापर्यंत पोचत नाही आणि तेलाचे डाग लाकडावर येतात. गंजके खिळे पण चालतात. भांडी घासायची स्टीलची घासणी चालत नाही, ती स्टेनलेस असते, व्हिनेगरमध्ये कितीही ठेवा तशीच राहते.

मूठभर कीस काचेच्या बरणीत टाकून अर्धा लिटर व्हिनेगर ओता. झाकण घट्ट लावू नका, आतनं हायड्रोजन निघतो, बरणी फुटू शकते. वर नुसतं फडकं बांधा, हवेशीर जागी, गॅसच्या शेगडीपासनं आणि देवाच्या दिव्यापासनं लांब. तीन-चार दिवसांनी गाळून घ्या. गाळलेलं पाणी फिकट किंवा तांबूस दिसेल, त्यावरनं अंदाज बांधू नका, खरा रंग लाकडावरच कळतो.

पाईनमध्ये टॅनिन फार कमी. तिथं हिरडा कामाला येतो. पूर्वीपासनं कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या साली आणि हिरड्यानं कमवत आलेत, त्यात हेच टॅनिन. हिरडा पूड तीन-चार चमचे अर्धा लिटर कडक पाण्यात भिजवा, गार झाल्यावर गाळा, लाकडाला सगळीकडं सारखं लावा आणि पूर्ण वाळू द्या. मग वरनं लोखंडाचं पाणी. डोळ्यांदेखत रंग बदलायला लागतो, थोड्या वेळात करडा, मग काळसर. हिरडा नसेल तर कडक कोरा चहा चालतो, रंग जरा फिका येतो. पानाच्या दुकानातला कात पाण्यात विरघळवून लावला तर तांबूस तपकिरी झाक येते, ती मला सगळ्यात आवडते, कारण जुन्या सागवानी फडताळाच्या सगळ्यात जवळ तीच जाते.

इथं काही गोष्टी सांभाळा:

लोखंडाचं पाणी आधी निम्म्याला निम्मं साधं पाणी घालून लावा. अजून काळं करता येतं, काळं झालेलं परत फिकं करणं अवघड. सागवान करडं-तपकिरी होतं, बाभूळ पार काळी होते, त्यामुळं एका लाकडावरचा अंदाज दुसऱ्याला लावू नका. दोन्ही पाण्यांना वेगळे ब्रश ठेवा, आणि ब्रशला लोखंडी पट्टी नको. एक थेंब फरशीवर किंवा शहाबादीवर पडला तर डाग राहतो, खाली प्लास्टिक घाला. पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात, वाळल्यावर ४०० नं हलकं घासा.

ज्यांना काळ्याऐवजी तपकिरी पाहिजे त्यांच्यासाठी पोटॅशियम परमँगनेट, केमिस्टकडं मिळतं. चिमूटभर खडे पाण्यात, लावताना जांभळं दिसतं, वाळताना तपकिरी होतं. हातमोजे पाहिजेतच, बोटं कित्येक दिवस तपकिरी राहतात. खडे ग्लिसरीनपासनं लांब ठेवा, दोन्ही एकत्र आले की आपोआप पेट घेतात. अमोनियाचा धूर देऊन लाकूड काळं करायची पद्धत व्हिडिओत दिसते, ती घरात करू नका, डोळे आणि छातीला धोका आहे.

रंग वाळल्यावर खडू केलेल्या जागा, म्हणजे कडा, हाताच्या जागा, १८० नं परत थोड्या फिक्या करा.

७. रंगवलेली वस्तू जुनी करायची असेल तर

आपल्याकडं जुन्या दारा-कपाटांना हिरवा नाहीतर निळा रंग बघायला मिळतो, खाली तांबूस नाहीतर लाकूड. तेच करा. आधी खालचा थर गडद तपकिरी किंवा गेरूच्या रंगाचा. वाळला की झिजायच्या जागांवर मेणबत्ती घासा. वर हिरवा इमल्शन. दुसऱ्या दिवशी घासलं की मेणावरचा रंग सहज निघतो आणि खालचा थर डोकावतो. आधी लक्षात ठेवून मेण अगदी कडेपुरतंच लावा.

भेगा पाहिजेत तर खालच्या थरावर फेविकॉलचा थर ब्रशनं लावा, हाताला चिकट लागेल एवढं झाल्यावर (पूर्ण वाळू द्यायचं नाही) वरचा रंग एकाच फटकाऱ्यात मारा. परत त्याच जागी ब्रश फिरवला की भेगा पुसल्या जातात. फेविकॉल जाड तर भेगा मोठ्या. सगळ्या कपाटाला भेगा नकोत, ऊन लागतं तेवढ्या बाजूला.

८. लाख, मळ आणि मेण

एक लिटर स्पिरिटमध्ये १०० ते १२० ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवा, गाळा, सुती फडक्याच्या बोळ्यानं पातळ दोन-तीन हात द्या. स्पिरिट पेट घेतं, बिडी-सिगारेट, शेगडी लांब. हे काम पावसाळ्यात करू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवेत एवढी ओल असते की लाखेवर पांढरट धुकं येतं. फेब्रुवारी ते मे एकदम योग्य, पण मे महिन्यात वस्तू गच्चीवर थेट उन्हात वाळवू नका, जोड सुटतात, फळ्या वाकतात.

आता मळ, म्हणजे या कामातला सगळ्यात समाधानाचा भाग. मेण उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करून, भांडं बाहेर नेऊन मग टर्पेंटाइन घाला, लोण्यासारखं मऊ होईल एवढं. त्यात गेरू, थोडी पिवडी आणि अगदी थोडी काजळी. हे कोपऱ्यात, नक्षीत, खड्ड्यात, कडीच्या भोवती, पायाच्या तळाशी बोटानं भरा, दहा-पंधरा मिनिटांनी फडक्यानं पुसा. उंच जागेवरचं निघून जातं, खोलगट जागेतलं राहतं. शेवटी हात लागणाऱ्या जागा कोरड्या सुती फडक्यानं जोरात चोळा, तिथंच थोडी चमक यायला पाहिजे, बाकी मॅट.

जेवणाच्या टेबलाला लाख नको, गरम भांड्यानं डाग पडतो. तिथं मॅट पीयू लावा. पण पीयू मेणावर धरत नाही, म्हणून टेबलाला मेणाची पायरीच नको, मळासाठी रंग पाण्यात कालवून लावा आणि वर पीयू. ग्लॉसी काही लावलं की आतापर्यंतचं सगळं काम वाया जातं.

लाखेऐवजी जवसाचं तेल लावणार असाल तर फडक्यांची काळजी घ्या. तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकला तर तो आतल्या आत तापून स्वतःहून पेटू शकतो, हे खरोखर घडतं. फडकी पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

९. कड्या, बिजागऱ्या

नव्या पितळी कड्यांवर लॅकर असतं, ते थिनरनं काढा, मग व्हिनेगर-मिठाच्या फडक्यात एक-दोन दिवस गुंडाळून ठेवा, काळपट-हिरवट होतात. धुऊन, वाळवून मेण लावा. मोडीच्या दुकानात जुन्याच मिळाल्या तर प्रश्नच मिटला.

१०. विकणार असाल तर

वस्तूच्या खालच्या बाजूला तयार केल्याचं साल आणि आपलं नाव पक्क्या शाईनं लिहा, आणि गिऱ्हाईकाला "जुन्या पद्धतीची नवी वस्तू" असंच सांगा. आपल्याकडं १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, त्यात शंभर वर्षांपेक्षा कमी नसलेलं फर्निचर पुरावस्तू ठरू शकतं आणि पुरावस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं. नवी वस्तू अस्सल जुनी म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे, आणि एवढं मन लावून केलेल्या कामाला ते शोभत नाही.

वापरायला लागल्यावर

पहिला महिना ओलं फडकं नको. भिंतीपासनं चार बोटं लांब ठेवा, पावसाळ्यात भिंतीची ओल मागनं लागते आणि बुरशी धरते. आली तर कोरड्या ब्रशनं काढा, वस्तू चांगली वाळवा, मग परत मेणाचा हात द्या. वर्षातनं एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, हात लागणाऱ्या जागा सोडून बाकीच्या जागांना रंगीत मेण लावलं की पुरतं. हाताच्या जागा तशाच सोडा, तिथलं काम आता घरातली माणसं करतील.